येडबाचं टपाल

येडबाला पंचावन्न वर्षांत एकही पत्र आलं नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत इतकी आली की टपाल वाटणारा सटवाजी पिशवी उघडायच्या आधीच म्हणायचा, "बघा बाई, आज बी साहेबाचीच डाक असंल." साहेब म्हणजे येडबा. गावात त्याला कोणी येडबा म्हणायचं, बरेच जण नुसतं येड्या म्हणायचे, आणि पुष्कळांना त्याच्याशी बोलायचं कामच पडत नसे.

आमचं गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून दीड कोसावर. मी तिथल्या शाळेत शिकवत होते आणि शाळेच्या पडवीतच पोस्ट सांभाळत होते. पोस्ट म्हणजे एक लाकडी पेटी, एक तराजू, एक शिक्का, आणि स्टेशनावरून पिशवी आणणारा म्हातारा सटवाजी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायचं आणि लिहिता येत नाही त्यांचं लिहून द्यायचं, हे नियमात नव्हतं, पण करावं लागे. गावात कुणाचं काय चाललंय हे मला न विचारता कळायचं. येडबाचं मात्र काही कळत नव्हतं, कारण त्याचं काही चाललेलंच नसायचं. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्यानंतर त्यानं दुसरं लग्न केलं नाही. साठ-सत्तर मेंढरं, एक कुत्रं, माळाच्या कडेला एक सपर, म्हणजे गवती छपराचं खोपट. सुगी झाली की लोकांच्या वावरात मेंढरं बसवायची, उन्हाळ्यात गोदावरीच्या अंगाला न्यायची, मिरगाला परत. नात्यात एकच बहीण, अंबाबाई. ती राणीसावरगावला दिलेली; तिकडे परभणीवरूनच जावं लागे.

चौऱ्याऐंशी साली तो सेलूच्या बाजारात कोकरं विकायला गेला. तिथं एक माणूस टेबल मांडून फुकट कॅलेंडर वाटत होता. कॅलेंडरच्या बदल्यात फक्त नाव-गाव सांगायचं, तो छापील कार्डावर लिहून घेणार. येडबानं सांगितलं. पुढे मी त्याला विचारलं की बाबा, तुला तारीख वाचता येत नाही, कॅलेंडर कशाला हवं होतं? तर म्हणाला, "कॅलेंडर कोनाला पायजे व्हतं? त्यो मानूस म्हनला, 'बसा काका, आपलं नाव काय?' मग न्हाई कसं म्हनावं?"

महिन्याभरानं पहिलं पत्र आलं. 'त्रिनेत्र-दर्शन कार्यालय', उत्तरेकडच्या कुठल्याशा शहराचा पत्ता. वर एक डोळा, त्याला वेटोळं घातलेला साप, खाली लाल अक्षरं. मी निरोप धाडला तेव्हा तो घोंगडी खांद्यावर टाकून आला आणि पडवीच्या खाली, उन्हात उभा राहिला.

"वर ये, येडबा. तुझं पत्र आहे."

"माजं? कोन मेलं?"

"कोणी मेलं नाही. ऐक. 'प्रिय भाग्यवान बंधू श्री. येडबाजी...'"

"ह्यो कोन?"

"तूच."

तो पायरी चढून वर आला. "फिरून वाचा की."

मी फिरून वाचलं. पुढे नेहमीचंच होतं. तुमचा भाग्योदय जवळ आला आहे, पण एक ग्रह आडवा आहे, आमचं सिद्ध यंत्र व्ही.पी.नं मागवा, पत्राचं उत्तर आठ दिवसांत द्या, आपली खुशाली कळवा. मी त्याला सरळ सांगितलं की हा लुबाडायचा धंदा आहे, पोस्टकार्डाचे पैसेसुद्धा घालवू नकोस. त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "खुशाली विचारलीय नव्हं पन?"

"ती सगळ्यांनाच विचारतात. छापील आहे."

"असू द्या. सांगावा आला की उलट सांगावा धाडायचा असतो बाई. आमच्या आज्यापासूनचा दस्तुर हाय. येनाऱ्याला भाकर द्यायाची आन त्येच्याच हाती जबाब धाडायचा. न्हाई धाडला तर त्येंनी काय समजावं? मानूस मेला म्हनून समजावं."

त्याच्या घराण्यात ही रीत होती हे खरं. मेंढरं घेऊन चार-चार महिने मुलूखभर फिरणारी माणसं, एकमेकांची खबर वाटेवरच्या माणसाकडून कळायची. पण हा सांगावा माणसानं आणलेला नव्हता, यंत्रानं छापलेला होता. हे मी त्याला समजावलं नाही. मला वर्गावर जायचं होतं. मी कार्ड घेतलं आणि तो सांगेल तसं लिहून दिलं, तेही हसत, हे कबूल करते.

"लिव्हा. मी खुशाल हाय. मेंढरं खुशाल हायत. दोन व्याल्यात, कुत्र्याच्या पायाला काटा लागला व्हता, आता बरं हाय. तुमच्याकडं पाऊस झाला का? लेकराबाळास्नी आशीर्वाद. यंत्र नको, घरात ठेवायाला जागा न्हाई."

त्या कार्यालयात हे कार्ड कोणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. पण पंधरा दिवसांत दुसरं पत्र आलं, मग तिसरं. येडबा प्रत्येकाला उत्तर धाडायचा. चौथ्या पत्रानंतर त्यानं पैसे भरून ते यंत्रही सोडवून घेतलं. म्हणाला, येवढ्या बार सांगायल्यात, मान राखाया पायजे. तांब्याचा पातळ पत्रा निघाला. तो त्यानं कुत्र्याच्या गळ्यात बांधला.

मग दुसऱ्यांचीही सुरू झाली. केस काळे करणारं तेल, बक्षिसाचं घड्याळ, पाच चित्रं ओळखा आणि रेडिओ मिळवा, बलवर्धक चूर्ण. सगळ्यांवर त्याचंच नाव, तसंच 'श्री. येडबाजी' असं लिहिलेलं. मी वैतागले. एक दिवस शाळा सुटल्यावर बसले आणि त्रिनेत्रवाल्यांना कडक पत्र लिहिलं. अडाणी माणसाला छळू नका, यापुढे एकही कागद पाठवलात तर पोलिसांत देईन. खाली माझं नाव, हुद्दा, पत्ता, सगळं घातलं. परिणाम असा झाला की पत्रं दुप्पट झाली.

त्या वर्षी आमच्या पोस्टाची तपासणी करायला एक निरीक्षक आले होते. त्यांना मी हा प्रकार सांगितला. ते चहा पीत होते. कप खाली ठेवून हसले. "बाई, तुम्ही शिकलेल्या आणि तुम्हीच उत्तर लिहिलंत? विनंती लिहा, शिव्या लिहा, त्यांना काही फरक पडत नाही. त्यांना एवढंच बघायचं असतं की पत्ता जिवंत आहे. मग तो पत्ता ते दहा जणांना विकतात."

मला फार राग आला, त्यांचाही आणि माझाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. शहाऐंशीच्या चैत्रात अंबाबाईच्या मुलीचं लग्न ठरलं. वैशाखातली तिथी. येडबा एकुलता एक मामा; त्या उन्हाळ्यात तो मेंढरं घेऊन गोदावरीकडे गेलाच नाही. अंतरपाटाच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं, आणि आयुष्यात ज्याला कोणी कुठं उभं राहायला बोलावलं नाही त्याला हे बोलावणं आलं होतं. त्यानं परभणीला जाऊन भाचीसाठी हिरवी साडी आणली. ती मला दाखवायला पडवीत घेऊन आला. कागदातून अर्धीच बाहेर काढली, हात मळके होते म्हणून.

"रंग बरा हाय का बाई?"

"छान आहे."

"दुकानदार म्हनला, कोनासाटी? म्हनलं, भाचीसाटी. मामा हाव मी."

त्याच आठवड्यात लाल पत्र आलं. तोच डोळा, तोच साप. मी आधी मनात वाचून घेतलं. मजकूर असा: 'सावधान! आमच्या दिव्य दृष्टीस दिसत आहे की आपल्या रक्ताची एक स्त्री आपल्या नाशासाठी गुप्त प्रयोग करीत आहे. तिच्या घरचे अन्नपाणी घेऊ नये. तिच्या घरच्या मंगल कार्यास पाऊल टाकू नये, प्राणास धोका आहे. ही गोष्ट आपणास कोणी सांगणार नाही. संरक्षक कवच त्वरित मागवा.'

येडबा समोर बसला होता. तोंड हसरं, मान पुढे. मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचलं, "आपल्या बहिणीच्या घरी मंगल कार्य आहे असे कळले. आनंद झाला. अवश्य जावे."

खोटं बोलायचं तर थोडं बोलावं. मी जास्त बोलले. येडबाचे डोळे मोठे झाले. "त्येंला कसं कळलं बाई?"

"असेल कुणी सांगितलं."

"येवढ्या दूर खबर गेली लग्नाची?" तो उठला, कागद माझ्या हातातून घेतला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि निघाला. मला वाटलं, सुटले.

तो गेला थेट चुडाव्याला. स्टेशनाबाहेर पंडितचं चहाचं हॉटेल होतं. पंडित पाचवी शिकलेला, जिभेचा तिखट, येडबाची चेष्टा करण्यात पटाईत. येडबाला त्याला एकदाच, आयुष्यात एकदाच, काहीतरी दाखवायचं होतं. त्यानं कागद टेबलावर आपटला आणि म्हणाला, "वाच. साहेब लोकास्नी बी माज्या भाचीच्या लग्नाची खबर हाय."

पंडितनं वाचलं. मोठ्यानं, गिऱ्हाइकांसमोर. जे लिहिलं होतं ते.

हे मला पंडितनंच नंतर सांगितलं. "मला काय ठाव बाई तुमी काय वाचलं त्ये? मी आपलं समोर हाय त्ये वाचलं. शेवटाला आल्यावर बघतो तं येडबाचं तोंड पांढरं. चहा तसाच ठिवून गेला."

तो दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आला. पडवीखालीच उभा राहिला. रागावला असता तर मी भांडले असते. तो रागावलेला नव्हता.

"बाई, तुमी गाळलं."

"गाळलं. बदललंसुद्धा. कारण ते खोटं आहे, येडबा."

"तेलाचं खोटं व्हतं, त्ये वाचलंत. घड्याळाचं खोटं व्हतं, त्ये बी वाचलंत आन हासलात. मग ह्येच का लपवलंत?"

मी हातातला शिक्का पेटीवर ठेवला.

"कागदातच हाय," तो म्हणाला, "आपनास कोनी सांगनार न्हाई म्हनून. तुमी सांगितलं न्हाई."

मी तासभर डोकं फोडलं. सगळ्यांना हेच लिहितात, छापील आहे, तुझ्या बहिणीचं नाव कुठं आहे दाखव, अरे ती तुझी सख्खी बहीण. तो ऐकत होता. पण माझ्यावरचा त्याचा इतबार गेला होता, आणि ज्याच्यावर इतबार नाही त्याचं खरंही कानावरून जातं. शेवटी म्हणाला, "मागल्या साली तिच्याकडून आलो आन आठ दिस ताप आला व्हता. त्ये आत्ता ध्यानात येतंय." आणि गेला.

लग्नाच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी मुद्दाम माळाकडे गेले. मुहूर्त दुपारचा. एक बोडकी बाभूळ, तिच्या तुटक्या सावलीत कुत्रं, आणि येडबा काठीवर हनुवटी टेकून उभा. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून थांबली होती. त्यानं मला लांबून पाहिलं आणि पाठ फिरवली. मी हाक मारली नाही. आता कशाला मारायची? राणीसावरगावला तोवर कुणा दुसऱ्यालाच मामा म्हणून उभं केलं असणार. नंतर कळलं की चुलतभाऊ उभा राहिला.

श्रावणात माझ्या नावानं एक लाल पत्र आलं. त्या कडक पत्रात मी पत्ता दिला होता ना, त्याचं हे फळ. डोळा, साप, 'सावधान!' आणि खाली शब्दन् शब्द तेच. आपल्या रक्ताची एक स्त्री.

वर्ग मॉनिटरवर सोपवून मी तशीच माळावर गेले. चिखल होता, चप्पल हातात घेतली. येडबा एका लंगड्या मेंढीचा खूर साफ करत बसला होता.

"तुझं पत्र कुठं आहे?"

"वाचू नगा बाई."

"वाचत नाही. बाहेर काढ."

ते अजून त्याच्या खिशात होतं, घडीवर फाटत आलेलं. मी माझा कागद त्याच्या शेजारी घोंगडीवर पसरला. "मी एक अक्षर बोलत नाही. तूच बघ."

साठ-सत्तर मेंढरांतलं प्रत्येक तो तोंडावरून ओळखायचा. कुणाच्या वावरातलं चुकलेलं कोकरू आणलं तर ते कोणत्या मेंढीचं हे बघून सांगायचा. तो दोन्ही कागदांवर वाकला. अक्षरांकडे त्यानं पाहिलंच नाही. आधी कडा पाहिल्या, मग चित्र. बोट न लावता, वरूनच फिरवत म्हणाला, "ह्या सापाची शेपटी हितं तुटलीय. ह्याची बी हितंच. ह्या डोळ्यात शाई फुटलीय, ह्यात बी. ही वळ तिरपी हाय. ही बी." मग मान वर केली. "एकाच मेंढीची हायत ही."

"अशी हजारो आहेत."

"ह्ये कोनाला आलं?"

"मला."

"तुमाला बहीन हाय?"

"नाही. बहीण नाही, भाऊ नाही. आई होती, ती गेली. करणी करायचीच म्हटली तर माझ्यावर करायलासुद्धा कोणी नाही, येडबा."

तो माझ्याकडे बघत राहिला. आणि मग त्याला कळलं. कळलं ते त्याच्या हातांवरून दिसलं. खूर साफ करायचा चाकू त्यानं जमिनीत रोवला, काढला, पुन्हा रोवला.

"लगीन तं झालं बाई," तो म्हणाला.

चार दिवसांनी साडी घेऊन तो राणीसावरगावला गेला. परत आल्यावर मी विचारलं.

"का आला नाहीस म्हणून विचारलं असेल तिनं."

"इचारलं. म्हनलं, नामांतराचा बंद व्हता, गाड्या बंद व्हत्या."

तेव्हा विद्यापीठाच्या नावावरून बंद, मोर्चे अधूनमधून चाललेलेच असत, गाड्याही अडत. पण लग्नाच्या दिवशी काही नव्हतं. मला ते माहीत होतं, त्यालाही होतं.

"खोटं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? तू माज्यावर करनी करायलीस म्हनून आलो न्हाई, असं सांगू? त्यापरीस बंद बरा." मग आपणहून म्हणाला, "पानी प्यायाला माठाकडं उठलो तं म्हनली, तुमी बसा, देते. तांब्या भरून आनून दिला. पावन्याला देत्यात तसा."

त्यानंतर टपालाचा बंदोबस्त केला. हे खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं. कुणालाही नको असलेलं टपाल घेऊ नये, न फोडता परत करावं, एवढी साधी सोय टपाल खात्यात आहे. पाकिटावर 'घेण्यास नकार' लिहायचं, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यायचा, जिथून आलं तिथं पाठवून द्यायचं. उत्तर नाही, विनंती नाही, शिव्या नाहीत. पहिल्या पाकिटाच्या वेळी येडबाचा अंगठा शाईत बुडवून मी धरून ठेवला होता, आणि तो खाली टेकवेना.

"सांगावा न बघताच परत धाडायचा?"

"हो."

"जबाब न देता?"

"काहीही न देता."

टेकवला. मग दुसरा, तिसरा. मीही माझ्या पाकिटांवर सही केली. दिवाळीपर्यंत तेलवाले थांबले, संक्रांतीपर्यंत घड्याळवाले. त्रिनेत्रवाले सगळ्यांत चिवट, पण होळीनंतर तेही आले नाहीत. मला मोकळं वाटलं. येडबाला काय वाटलं ते सांगता येत नाही. बाजाराच्या दिवशी तो यायचा, पडवीच्या पायरीवर बसायचा, सटवाजी पिशवी रिकामी करेपर्यंत बघायचा.

"काय हाय का?"

"नाही."

"बरं झालं," म्हणायचा आणि बसून राहायचा.

बहिणीकडे तो दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा संध्याकाळच्या आत परत.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला गेलेला असताना एक बाई माझ्या पडवीत येऊन उभी राहिली. उंच, वाळलेली, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी. नाक-डोळे थेट येडबाचे.

"टपालाच्या बाई तुमीच नव्हं? मी येडबाची बहीन, अंबाबाई."

"तो नाही इथं. महिनाभरानं येईल."

"ठाव हाय मला. म्हनून तं आले." ती खाली बसली. "बंद व्हता म्हनला. आमच्या जावंची मानसं त्याच दिशी परभनीहून गाडीनं आली, जेवून गेली. मला काय येडी समजला का त्यो? इचारलं की मेंढराचं बोलतो. आत्ता ठेसनावर उतरले, त्या चहावाल्याला भावाचं घर इचारलं, तं हासला. म्हनला, कागदाचं काय झालं? कोन्ता कागद म्हनलं, तं म्हनला, टपालाच्या बाईला इचारा."

पंडितला मी मनात दोन शिव्या दिल्या.

"बाई, खरं सांगा. माजं काय चुकलं? मानपानात कमी पडले? येक वरीस झालं, मला झोप न्हाई."

येडबाचं पत्र येडबाचं होतं, ते मी कुणाला दाखवलं नसतं. पण माझं माझ्याकडे होतं. मी पेटीतून काढलं. "असंच पत्र त्याला आलं होतं. हे मला आलेलं. मजकूर एकच."

"वाचा."

या वेळी मी काही गाळलं नाही. 'सावधान!' पासून 'त्वरित मागवा' पर्यंत सगळं वाचलं, सावकाश, जसं होतं तसं. ती जमिनीकडे बघत ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं वर पाहिलं.

"येवढंच?"

"एवढंच."

"ह्यात माजं नाव कुटं हाय?"

"नाही."

"राणीसावरगाव?"

"तेही नाही."

"मग त्येला ह्यात मीच कशी दिसले?" तिचा आवाज चढला. "लहान असताना ह्याच हातानं जेवू घातलंय त्येला. मायच्या माघारी मीच माय व्हते. दुनियेत येवढ्या बाया असताना मीच?"

"रक्ताची बाई म्हटल्यावर त्याला दुसरं कोण दिसणार, अंबाबाई? त्याच्याकडे तेवढी एकच आहे."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी चहा ठेवला, तो तिनं घेतला नाही. मग तिनं सपराची वाट विचारली. मी सटवाजीला बरोबर दिलं. तो सांगत आला की बाईनं दार उघडलं, घर झाडून काढलं, चूल सारवली, आणि मग उंबऱ्यावर नुसती बसून होती. गाडीची वेळ झाल्यावर उठली. जाताना पडवीवरून गेली, पण आत आली नाही.

येडबा मिरगाच्या आठ दिवस आधी परतला. मेंढरं वाड्यात घालून तसाच माझ्याकडे आला.

"माज्या घरी कोन आलतं?"

"अंबाबाई."

तो पायरीवर बसला.

"पत्र वाचून घेतलं तिनं. माझं. मी सगळं वाचलं."

"काय बी न गाळता?"

"काही न गाळता."

"बंदाचं बी कळलं मग."

"ते तिला आधीच माहीत होतं."

तिनं काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते मी त्याला सांगितलं. एकदा लपवून बघितलं होतं, पुन्हा ते करायचं नव्हतं. तो ऐकत असताना त्याचं कुत्रं आलं आणि त्याच्या पायाशी बसलं. तो त्याच्या मानेवरच्या गोचड्या बघत राहिला. मला वाटलं रडेल, पण रडला नाही.

"जेवून गेली का ती?"

"नाही. गाडीची वेळ झाली होती."

"डब्यात पीठ व्हतं की," तो म्हणाला. "सांदीच्या डब्यात. दोन भाकरीचं तरी व्हतं. तिला दिसलं नसंल."

सटवाजी पिशवी बांधत होता. येडबा उठला, घोंगडी झटकली.

"सटवाजी, माजी मेंढरं दोन दिस बघशील का?"

"दोन दिस? कुटं जायलास?"

त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "परभनीची गाडी आता किती वाजता हाय बाई?"

मी सांगितलं. सव्वा तास होता. तो पायीच निघाला, साडी नाही, पिशवी नाही, रिकाम्या हातांनी. कुत्रं ओढ्यापर्यंत मागं मागं गेलं, मग तिथं थांबलं.